अक्काची गाडी

गवत गुडघ्याच्या वर गेलं तेव्हा तोडणीचा मुकादम कुंपणाशी येऊन थांबला. आत आलाच नाही. मोटारसायकलवर बसल्या बसल्याच त्यानं बागेवरून नजर फिरवली आणि म्हणाला, "दाजी, यात माझी माणसं पाय घालणार नाहीत."

"का बरं?"

"का म्हणजे? मागच्या आठवड्यात पलीकडच्या बागेत एकीला सापानं धरलं. पायात बूट होता म्हणून वाचली. आणि शिड्या टेकवायच्या कुठं, पेट्या ठेवायच्या कुठं? सोमवारी सकाळी येतो. गवत कापलेलं असलं तर तोडणी धरतो. नसलं तर पुढच्या बागेत जातो, मग तुमची पाळी तीन आठवड्यांनी."

तीन आठवडे संत्री झाडावर थांबत नाहीत. हे मुकादमाला ठाऊक होतं आणि दाजींनाही. मुकादमानं किक मारली आणि तो गेला.

तो मंगळवार होता.

दाजी हे काही त्यांचं नाव नव्हे. एकतीस वर्षांपूर्वी ते या गावात जावई म्हणून आले आणि इथंच राहिले. बाग सासऱ्याची, घर सासऱ्याचं. धाकटा मेहुणा त्यांना दाजी म्हणायचा, त्याचं ऐकून शेजारी म्हणायला लागले, मग दुकानदार, मग पोस्टमन. बायकोला सारं गाव अक्का म्हणे. चार महिन्यांपूर्वी अक्का गेली. दाजी मात्र दाजीच राहिले. ज्या नात्यानं ते नाव पडलं ते नातं संपलं तरी नाव तसंच अंगावर, मोठ्या मापाच्या सदऱ्यासारखं. रस्त्यात कुणी "काय दाजी" म्हटलं की त्यांना दर वेळी क्षणभर थांबायला व्हायचं.

बागेत दोघांची वाटणी सरळ होती. झाडं दाजींची, जमीन तिची. छाटणी, फवारणी, पाणी हे त्यांनी बघायचं. झाडांखालचं सगळं तिनं. गवत कापायची ती लाल गाडी मेहुण्यानंच कुठूनशी जुनी उचलून, महिनाभर खपून, रंग देऊन बहिणीला आणून दिली होती. वर बसायला सीट, हातात स्टिअरिंग, पोटाखाली फिरणारी पाती. पायाखालचं पेडल दाबलं की ती माणसाच्या चालीनं निघायची. अक्का तिच्यावर अशी ताठ बसायची की कुणाला वाटावं वरात चाललीय. पहिल्याच वर्षी दाजींनी एकदा हौसेनं चालवायला घेतली आणि तिसऱ्या ओळीतल्या झाडाला नेऊन धडकवली. ती हसून हसून खाली बसली होती. ती गोष्ट तिनं पुढं दहा वर्षं आल्यागेल्याला सांगितली. दाजी परत त्या गाडीवर बसले नाहीत.

आता बसायलाच लागणार होतं.

दुपारी त्यांनी शेडचं दार उघडलं. गाडीवरची ताडपत्री ओढली. सीटवर उंदरांनी घर केलं होतं, ते झाडून टाकलं. किल्ली फिरवली तर आतून टकटक एवढाच आवाज आला. बॅटरी मेली होती. पेट्रोलच्या टाकीचं झाकण काढून आत काडी घातली, कोरडीच बाहेर आली. दाजींनी सीटच्या पाठीला खांदा दिला आणि गाडी अंगणात ढकलली. लहान मुलाच्या खेळण्यासारखी हलकी गेली. निदान चाकं तरी ठीक आहेत, ते मनाशी म्हणाले.

बॅटरी स्कूटरवर पायांमध्ये धरून त्यांनी बाजारात नेली. रात्रभर चार्ज व्हायला ठेवली, सकाळी आणली, येताना पेट्रोलचा डबा भरून घेतला. बुधवारी दहाच्या सुमाराला गाडी सुरू झाली. पहिला धूर काळा आला, मग निळा, मग इंजिन सुरात लागलं. कितीतरी दिवसांनी त्या अंगणात एवढा आवाज झाला. दाजींना बरं वाटलं. ते सीटवर चढले, सदरा सारखा केला आणि पेडल दाबलं.

काही झालं नाही.

आणखी दाबलं. टाच पार खाली टेकली. इंजिन आपलं धडधडत होतं, सीटखालून सगळं अंग थरथरत होतं, आणि गाडी होती तिथंच. मागं जायचं पेडल दाबून बघितलं. तेच. दहा मिनिटं ते तसेच अंगणाच्या मधोमध बसून राहिले. रस्त्यानं शेजारी चालला होता. तो कुंपणावरून म्हणाला, "दाजी, कुठं निघालात?"

"कुठं नाही."

"ते दिसतंय," शेजारी म्हणाला आणि हसत पुढं गेला.

वाईट माणूस नव्हता तो. पण दाजींचे कान तापले.

त्यांनी विचार केला. इंजिन फिरतंय, चाकं फिरत नाहीत, म्हणजे मधलं काहीतरी तुटलंय. वाकून टॉर्च मारली तर खाली एक रबरी पट्टा दिसला, कडा झिजून दोरे लोंबलेला. सापडलं, त्यांना वाटलं. पट्टा निसटत असणार.

गुरुवारी ते सुट्या भागांच्या दुकानात गेले. काउंटरशी चारपाच जण उभे होते. पाळी आल्यावर दुकानदारानं विचारलं, "मॉडेल कुठलं?"

"गवत कापायची गाडी आहे. बसायची."

"हो, पण नंबर?"

"लाल आहे," दाजी म्हणाले.

मागं कुणीतरी फिस्सकन हसलं. दुकानदार हसला नाही. त्यानं दाजींकडं नीट पाहिलं. "तुम्ही संत्र्याच्या बागेतले ना? चढावरच्या?"

"हो."

"मग त्या बाई यायच्या निळी टोपी घालून, त्यांची गाडी. त्यांना सगळे नंबर तोंडपाठ असतात हो. बऱ्याच दिवसांत आल्या नाहीत. त्यांनाच पाठवा ना, दोन मिनिटांत काम होईल."

दाजींनी काउंटरच्या काचेवर हात ठेवला होता. काचेखाली लहान लहान स्प्रिंगा मांडल्या होत्या. त्या बघत ते म्हणाले, "बरं."

आणि बाहेर आले. खरं काय ते तिथं, एवढ्या लोकांत, ग्रीसच्या वासात, सांगणं त्यांना जमलं नाही. तेरा किलोमीटर परत आले, सीट उचलून खालची पत्र्याची पट्टी थुंकी लावून अंगठ्यानं घासली, नंबर तंबाखूच्या पुडीवर लिहून घेतला आणि तेरा किलोमीटर पुन्हा गेले. या खेपेला दुकानदार जेवायला गेला होता. दुसऱ्याच कुणीतरी नंबर बघून पट्टा दिला. एक शब्द बोलावा लागला नाही. स्कूटर सुरू करताना त्यांना सुटल्यासारखंही वाटलं आणि वाईटही वाटलं.

शुक्रवार सगळा पट्टा बसवण्यात गेला. आधी पात्यांची थाळी उतरवायची, तिला चार खिळी, त्यातल्या दोन गंजून घट्ट. दाजी उताणे होऊन खाली सरकले. डोळ्यांत गंजाचा भुगा पडत होता, मानेखाली खडे टोचत होते. झाडाच्या शेंड्याला हात पुरवायची सवय होती त्यांच्या अंगाला, जमिनीला पाठ लावून वर बघायची नव्हती. दंड भरून आले. ताणाची स्प्रिंग पकडीतून सुटली आणि बोटांच्या सांध्यांवरची साल घेऊन गेली. बोटं तोंडात धरून ते तसेच पडून राहिले. गाडीच्या मागं, दोन चाकांच्या मधोमध, बोटाएवढी जाड सळई बाहेर आलेली होती. बाहेर सरकताना तिच्यात सदरा अडकून टरकन फाटला. दाजींनी तिला एक शिवी दिली आणि धुवायला गेले.

जेवायला काही केलं नव्हतं. सकाळची पोळी होती, ती गुळाबरोबर उभ्यानंच खाल्ली. अक्का गेल्यापासून ते ताटात वाढून घेत नसत. ताट घेतलं की दुसरंही घ्यायला हात जायचा.

संध्याकाळी पाचला सगळं जागच्या जागी बसलं. किल्ली. इंजिन. पेडल.

गाडी हलली नाही.

दाजींनी इंजिन बंद केलं. बागेत एकदम एवढी शांतता पडली की खालच्या ओळीत पिकलेलं एक संत्रं गवतात पडल्याचा आवाज आला. ते उतरले, पायरीवर बसले आणि खिशातून फोन काढला. मेहुण्याचा नंबर त्यात होता. चार महिने त्या नंबरला त्यांनी हात लावला नव्हता.

अक्काला पोचवून आल्यावर याच अंगणात, सगळ्या गावासमोर मेहुणा म्हणाला होता, "माझ्या बहिणीला राबवून राबवून मारलं तुम्ही." दाजी म्हणाले होते, "तिला कामाची हौस होती." त्यावर मेहुणा पुढं धावला होता, चौघांनी त्याला धरलं होतं. तेव्हापासून दोघं बोलले नव्हते. त्याचं गॅरेज इथून तासाभरावर होतं. गाडीचा खिळा न् खिळा त्याच्या ओळखीचा होता. ते दाजींना मंगळवारपासूनच ठाऊक होतं. म्हणून तर एवढा आटापिटा.

फोन बराच वेळ वाजला.

"हं."

"मी बोलतोय."

"कळलं."

"गाडी चालत नाही. इंजिन सुरू होतं, पण पुढं जात नाही. पट्टा नवा घातला."

पलीकडं हातोडीचा आवाज येत होता, तो थांबला. "पट्टा कुणी घातला?"

"मीच."

मेहुणा म्हणाला, "उद्या दुपारी येतो. गाडीसाठी येतोय."

"हो," दाजी म्हणाले. "गाडीसाठीच."

शनिवारी दोनला त्याची व्हॅन कुंपणाशी लागली. दाजींनी चहाचं आधण ठेवलं होतं. मेहुणा हत्यारांची पेटी घेऊन सरळ गाडीकडं गेला. तो वाळला होता. कानाजवळचे केस पांढरे झाले होते. बहिणीसारखंच चालताना तो डावा खांदा जरा पुढं टाकायचा. दाजींनी दुसरीकडं पाहिलं.

"चहा ठेवलाय."

"नको."

त्यानं वाकून नवा पट्टा बोटानं दाबून बघितला. "बरोबर बसवलाय," तो म्हणाला. त्याच्या आवाजात थोडं आश्चर्य होतं. मग विचारलं, "शेडमधून बाहेर कशी काढली?"

"ढकलली."

"मदतीला कोण होतं?"

"कोण असणार? एकट्यानंच. हलकी गेली."

मेहुण्याची मान वर झाली. "हलकी गेली?"

"हो. का?"

तो उत्तर न देता गाडीच्या मागं गेला, गुडघ्यावर बसला, आणि बसूनच राहिला. दाजी जवळ गेले. मेहुण्याचा हात त्या बाहेर आलेल्या सळईवर होता.

"ही गाडी ढकलता येत नाही, दाजी," तो म्हणाला. "चाकं आतल्या गिअरात धरलेली असतात. चौघं लागले तरी फरफटत जाईल, फिरणार नाहीत. ढकलायची पाळी आली तर ही सळई ओढून ठेवायची. मग चाकं मोकळी. पण सळई बाहेर असली की इंजिननं कितीही बोंब मारू दे, गाडी जागची हलत नाही."

"म्हणजे बिघाड..."

"बिघाड काही नाही." त्यानं तळवा टेकवून सळई आत दाबली. खट् असा आवाज झाला. "झालं."

दाजी त्या सळईकडं बघत राहिले. चार दिवस, बोटं सोलून, पट्ट्यासाठी दुकानाच्या दोन खेपा करून. त्यांना हसू येण्याच्या बेतात होतं. तेवढ्यात मेहुण्यानं विचारलं, "शेवटची कुणी चालवली होती?"

"तिनंच. दुसरं कोण चालवणार?"

"टाकीत पेट्रोल होतं?"

"नव्हतं. कोरडी होती. मी भरलं बुधवारी."

मेहुणा उठला. त्यानं चढावर एकाखाली एक उतरत गेलेल्या बारा ओळींकडं पाहिलं. खालचं कुंपण इथून दिसतसुद्धा नव्हतं, नुसतं गवत आणि त्यावर झाडांचे शेंडे. "दोनशे किलो वजन आहे," तो स्वतःशीच बोलल्यासारखा म्हणाला. "कुठं बंद पडली असेल कोण जाणे."

"खालच्या कोपऱ्यात," दाजी म्हणाले. "शेवटची ओळ राहिली होती."

बोलून गेल्यावर त्यांना कळलं आपण काय बोललो. मेहुणा वळला.

"तुम्हाला काय ठाऊक?"

दाजींनी हात मागं नेले, पुन्हा पुढं आणले. सोललेली बोटं चुरचुरत होती.

"आवाज बंद झालेला ऐकला होता मी."

"मग?"

"हाकही ऐकली होती."

वारा नव्हता. गवत स्तब्ध उभं होतं. मेहुणा काही विचारत नव्हता, नुसता उभा होता, आणि त्यामुळं दाजींना सगळंच सांगावं लागलं. अडखळत, मध्येच थांबत, मान खाली घालून.

"आदल्या दिवशी पेट्रोल मी आणायचं होतं. पाठ दुखत होती, नाही गेलो. सकाळी ती त्यावरून बोलली. मीही बोललो. आहे त्यात कापते म्हणाली आणि खाली गेली. चारच्या सुमाराला इंजिन बंद पडलं. मग 'अहो' म्हणून हाक आली. थोड्या वेळानं परत एक. मी ओसरीत बसलो होतो. म्हटलं, आता खाली जाऊन पेट्रोलवरून आणखी बोलणी खायची. तिची तीच येईल. उठलो नाही."

"आणि?"

"तासाभरानं आली वर. गाडी शेडमध्ये लावली म्हणाली. तोंड पांढरं झालं होतं. मी म्हटलं, दमलीस वाटतं. हो म्हणाली. पाणी प्याली आणि पडली. पहाटे..."

"ढकलत आणली म्हणाली नाही?"

"नाही."

"पेट्रोल संपलं तर गाडी वर कशी आली, ते तुम्ही विचारलं नाही?"

"नाही विचारलं," दाजी म्हणाले. "मी रुसलो होतो."

एकसष्ट वर्षांच्या माणसाच्या तोंडी तो शब्द फार लहान वाटला. त्यांना स्वतःलाही वाटला.

मेहुणा गाडीच्या चाकावर टेकला. पेटीतले पाने त्यानं उगाचच बाहेर काढले, एकेक करून फडक्यानं पुसले आणि परत लावून ठेवले. त्यातला एकही वापरला गेला नव्हता. पेटीची कडी लावल्यावर तो म्हणाला, "त्या दिवशी अंगणात मी बोललो ते रागानं बोललो होतो, दाजी. ते खरं असेल असं मला वाटलं नव्हतं."

दाजींना वाटत होतं आता हा उठेल, व्हॅनमध्ये बसेल आणि जाईल, आणि ते बरोबरच होईल.

मेहुणा उठला. व्हॅनकडं न जाता त्यानं गवताकडं बघितलं. "मुकादम कधी येतोय?"

"सोमवारी."

"चढा मग. उजेड आहे तोवर सहासात ओळी होतील. पाती जरा उंच ठेवा, एवढं वाढलेलं एका दमात नाही कापत ती."

दाजी चढले. पेडल दाबलं तशी गाडी हिसका देऊन निघाली, ते मागच्या मागं पडता पडता वाचले. पहिली ओळ वाकडी गेली. दुसरीत एका बुंध्याची साल निघाली. मेहुणा गाडीच्या पुढं दहा पावलांवर, गवतात वाकून चालत होता. चार महिन्यांत पडलेल्या वाळक्या फांद्या, दगड, कुजलेली फळं उचलून बाजूला टाकत होता, पात्यात येऊ नयेत म्हणून. गाडीच्या आवाजात बोलता येत नव्हतं, तेही बरंच होतं. दाजींना नुसती त्याची वाकलेली पाठ दिसायची आणि पुढं पडलेला डावा खांदा. कापलेल्या गवताचा हिरवा, ओला वास सगळीकडं भरला. ओळ संपली की मेहुणा हातानं वळायची खूण करायचा, आणि दाजी वळायचे.

सातव्या ओळीला अंधारून आलं. मेहुण्यानं बाहेरच्या नळावर हात धुतले, ओंजळीनं पाणी प्याला. घरात आला नाही. दारातून त्याला आत बहिणीची निळी टोपी खुंटीवर दिसली असणार, कारण त्यानं लगेच तोंड फिरवलं.

"चहा..." दाजी म्हणाले.

"नको." पेटी व्हॅनमध्ये टाकून तो स्टिअरिंगवर बसला. काच खाली करून, समोर बघत म्हणाला, "डबा भरलेला ठेवत जा. तरी संपलं तर मला फोन करा. ढकलू नका."

"बरं."

"वय झालंय तुमचं," तो म्हणाला आणि गेला.

रविवारी दाजी सकाळीच गाडीवर बसले. आता पुढं कुणी नव्हतं. फांदी दिसली की थांबायचं, उतरायचं, उचलायची, परत चढायचं. एकट्यानं काम केलं की दुप्पट वेळ लागतो म्हणतात, त्यांना तिप्पट लागला. पण हात बसत गेला. आठवी ओळ नववीपेक्षा वाकडी होती, दहावी जवळजवळ सरळ आली. दोनच्या सुमाराला ते खालच्या कोपऱ्यात पोचले. शेवटच्या ओळीतलं शेवटचं गवत पात्याखाली गेलं आणि बाग मोकळी झाली. इथं तिथं पडलेली संत्री तेवढी चमकत होती.

टाकीत अजून अर्धं पेट्रोल होतं. दाजींनी किल्ली फिरवून इंजिन बंद केलं.

ते उतरले, मागं गेले, आणि वाकून ती सळई ओढली.

पहिल्या धक्क्याला गाडी हललीच नाही. शेडपुढं सपाट होतं, इथं चढ होता. त्यांनी टाचा मातीत रोवल्या, सीटच्या पाठीला छाती लावली आणि रेटा दिला. चाक अर्धं फिरलं. रेटा सोडला तर गाडी अंगावर परत येत होती, म्हणून सोडायची सोय नव्हती. एक झाड, दीड झाड. कापलेल्या ताज्या गवतावरून पाय घसरत होते. दोन ओळी झाल्यावर त्यांनी चाकामागं दगड लावला आणि थांबले. कानात ठोके वाजत होते. तोंडाला कडू चव आली. तिनंही दगड लावला असणार. त्याशिवाय थांबताच येत नव्हतं.

दुसऱ्यांदा ते खालून पाचव्या ओळीशी थांबले. मांड्या लटलटत होत्या. सदरा पाठीला चिकटला होता. तिच्या अंगात ताकद होती, पण उंचीनं ती त्यांच्या खांद्याएवढीच होती. तिला सीटला छाती लावता आली नसेल, हातांनीच रेटावं लागलं असेल. मनगटं गेली असतील.

तिसऱ्यांदा चढ जिथं जरा कमी होतो तिथं, खालून आठव्या ओळीच्या तोंडाशी थांबावंच लागलं. तिथं न थांबता पुढं वीस पावलंही कुणी जाऊ शकत नाही, हे आता त्यांच्या छातीला कळत होतं. दगड लावला. गाडीवर हात टेकून मान वर केली.

दोन झाडांच्या मधून समोर घर दिसत होतं. बाकी बागेतून ते कुठूनच दिसत नसे, झाडं आड यायची. इथं मात्र मागच्या साली वाळलेलं एक झाड त्यांनीच तोडलं होतं, तेवढी फट होती. फटीतून ओसरी दिसत होती. सगळी. खांब, पायरी, पायरीवरच्या चपला. खुर्ची दिसत होती. खुर्चीच्या पाठीवर टाकलेला पंचा दिसत होता, त्याची तांबडी किनारसुद्धा. खुर्चीत कुणी बसलेलं असतं, तर तो जागा आहे की झोपलाय, हे इथून ओळखू आलं असतं.

दाजींनी वळून खालच्या कोपऱ्याकडं पाहिलं, मग परत ओसरीकडं.

दोन हाका तिनं खालून मारल्या होत्या. तिसरी इथून मारता आली असती, ती तिनं मारली नव्हती. इथून हाक मोठ्यानं मारायचीही गरज नव्हती.

त्यांनी वाकून दगड काढला. गाडी मागं येऊ लागली, ती त्यांनी छातीवर घेतली आणि रेटली. उरलेला चढ किती वेळात चढले ते त्यांना सांगता आलं नसतं. शेडच्या सपाटीवर चाकं आली तेव्हा गाडी एकदम हलकी झाली, आणि ते तिच्याबरोबर धडपडत आत गेले. सळई दाबून बसवली. ताडपत्री टाकली.

सोमवारी मुकादम आठ माणसं घेऊन आला. बागेवर नजर टाकून म्हणाला, "वा दाजी. कुणाला लावलं होतं?"

"मीच कापलं. मेहुणा आला होता शनिवारी."

"बोलणं झालं म्हणायचं तुमचं," मुकादम म्हणाला. त्याला बरं वाटलेलं दिसलं. माणसं शिड्या घेऊन खाली गेली.

तोडणी चार दिवस चालली. रात्री एकदा मेहुण्याचा फोन आला, फळ कसं निघालं विचारायला. दाजींनी पेट्या किती झाल्या ते सांगितलं, गाडी नीट चालतेय म्हणून सांगितलं, डबा भरून ठेवलाय म्हणून सांगितलं. सांगायचं आणखी एक होतं, त्या फटीतून दिसलेलं. ते तोंडापर्यंत आलं, तिथंच थांबलं. एवढं मात्र कुणालाच द्यायचं नाही, असं त्यांच्या मनानं घेतलं.

"आणखी काही?" मेहुण्यानं विचारलं.

"नाही," दाजी म्हणाले. "बाकी सगळं ठीक आहे."